पाण्याखालची ओळखपरेड

बीड शहरापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गोदावरी, मध्ये सिंदफणा आणि बिंदुसरा, दक्षिणेला मांजरा. माजलगाव आणि धनेगाव येथील धरणे सोडली तर बाकी पाणी विहिरी, बारवा आणि पाझर तलाव यांचे. अशा जिल्ह्यातील शिक्षकांपुढे समुद्रतळावरील प्राणी ओळखण्याचा विषय मांडणे कोणाला गमतीचे वाटेल. पण आता मराठवाड्यातून मालवण-तारकर्लीला सहली जातात. तेथे पाठीवर हवेची टाकी बांधून काही मिनिटे पाण्याखाली जाऊन आलेले विद्यार्थी आम्हाला भेटतात. 'काय पाहिले?' असे विचारले, की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : "रंगीत मासे होते, आणि खडकावर शेवाळ होते."

ते 'शेवाळ' म्हणजे अनेकदा स्पंज, प्रवाळ, हायड्रॉइड, नाहीतर समुद्रपिचकारी असते. म्हणजे प्राणीच. दहावीच्या पुस्तकात या सर्वांचे संघ पाठ केलेले असतात, परीक्षेत गुणही मिळालेले असतात. पण प्राणी समोर आला तेव्हा ओळख पटली नाही. असे का होते, आणि बीडमध्ये बसून त्यावर काही करता येईल का, हे आपण या लेखात पाहू.

थंड समुद्रातली अडचण

पाणबुड्याचे स्वयंपूर्ण श्वसनसाधन, म्हणजे ज्याला आपण स्कूबा म्हणतो ते, आजच्या रूपात १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी घडवले. त्यानंतर हौशी माणसेही समुद्रात उतरू लागली, आणि ब्रिटन-नॉर्वेसारख्या थंड समुद्रांतही उतरू लागली. ब्रिटनच्या किनाऱ्यावर पाण्याचे तापमान हिवाळ्यात साधारण ६ ते ८ आणि उन्हाळ्यात १५ ते १७ अंश सेल्सिअस असते. आपल्या मालवणचे पाणी २५ ते ३० अंशांच्या घरात. पाणी हवेच्या सुमारे २४ पट अधिक उष्णतावाहक आहे, त्यामुळे थंड पाण्यात शरीराची उष्णता झपाट्याने जाते. जाड रबरी पोशाख घालावा लागतो, बोटे बधिर होतात, टाकीतली हवा लवकर संपते आणि लक्षही नीट लागत नाही. एवढ्या धांदलीत नवशिक्याला प्राणी ओळखायचे असतात.

आणि तेथे प्राणी भरपूर. गार पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो : १० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना फक्त साडेसात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात आकडे थोडे कमी, पण कल तोच. शिवाय समशीतोष्ण समुद्रांत हिवाळी वादळांनी पाणी वरखाली घुसळले जाते, तळातील क्षार वर येतात, आणि वसंतात सूक्ष्म वनस्पतींची एकच गर्दी उसळते. पाणी हिरवट होते, दृष्टी चार-पाच मीटरपलीकडे पोचत नाही. पण ते अन्न गाळून खाणाऱ्यांची चंगळ होते. खडकाचा इंचन् इंच कोणी ना कोणी बळकावलेला असतो. हे रहिवासी बहुधा एका जागी चिकटलेले, फांद्या फुटलेले, फुलासारखे उमललेले. आपल्या मनातली 'प्राणी म्हणजे चालणारा, वनस्पती म्हणजे उभी' ही व्याख्या येथे पार कोलमडते.

डोळ्यांवर किती विश्वास ठेवावा?

यात भौतिकशास्त्राची भर पडते. मुखवट्याच्या काचेतून पाहताना पाणी आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाशाचे वक्रीभवन होते. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे ४/३, म्हणून ४ मीटरवरची वस्तू ३ मीटरवर असल्यासारखी दिसते आणि आकार एक-तृतीयांशाने मोठा भासतो. ३० सेंटिमीटरचा मासा ४० सेंटिमीटरचा वाटतो. पाणबुड्यांच्या गप्पांतले मासे मोठे असतात याचे एक कारण तरी प्रामाणिक आहे!

रंगाचे तर विचारूच नये. स्वच्छ समुद्रात तांबडा प्रकाश पहिल्या ५ ते १० मीटरमध्येच बहुतेक शोषला जातो. त्याखाली लालभडक स्पंज तपकिरी, काळपट दिसतो; विजेरी पेटवली की पुन्हा लाल. वर्णनात 'तपकिरी' लिहिले तर पुस्तकात त्या रंगाचा प्राणी सापडत नाही. म्हणून रंग हे ओळखीचे साधन शेवटी वापरायचे. नवशिके नेमके उलटे करतात, रंगापासून सुरुवात करतात.

मग सुरुवात कशापासून? ठेवणीपासून. शरीराला डावी-उजवी बाजू आहे, का मध्यापासून चहूकडे सारखे पसरलेले आहे, का काहीच सममिती नाही? कवच आहे का? पायांना सांधे आहेत का? एकटा आहे की वसाहत? आणि सर्वांत उपयोगी प्रश्न : जवळून हाताने पाणी हलवले तर तो काय करतो? (प्राण्याला हात लावायचा नाही, फक्त पाण्याची झुळूक पाठवायची.) समुद्रफूल आपली संस्पर्शके आत ओढून घेते. समुद्रपिचकारीच्या पिशवीला दोन तोंडे असतात, एक पाणी घेण्याचे, दुसरे सोडण्याचे. झुळूक लागताच दोन्ही मिटतात. पाठ्यपुस्तकातला हर्डमानिया तो हाच. स्पंजाला मोठाली छिद्रे दिसतात, पण ती आपल्या देखत मिटत नाहीत. आणि दगडावर जाळीदार पापुद्रा असून भिंगाखाली एकसारख्या खोल्यांच्या रांगा दिसल्या, तर तो ब्रायोझोआ, म्हणजे अतिसूक्ष्म प्राण्यांची चाळ. एकाच खडकावरचे हे चार 'शेवाळाचे' प्रकार चार वेगळ्या संघांतले आहेत. त्यांतली समुद्रपिचकारी नात्याने इतर तिघांपेक्षा आपल्याला जवळची, कारण अळीच्या अवस्थेत तिला पृष्ठरज्जू असतो.

बारवेची शाळा

यातले बरेचसे बीडमध्ये शिकता येते. वर सांगितलेल्या चार प्रकारांपैकी तिघांचे प्रतिनिधी गोड्या पाण्यात आहेत. बुडालेल्या पायऱ्यांवर, काठ्यांवर, पाणवनस्पतींच्या देठांवर गोड्या पाण्यातील स्पंज वाढतो. हिरवट किंवा मातकट थर, खरखरीत स्पर्श आणि बाहेर काढल्यावर उग्र वास. हिरवा रंग त्याच्यात राहणाऱ्या शैवालाचा असतो, म्हणून लोक त्याला सरसकट शेवाळ म्हणून सोडून देतात. उन्हाळ्यात पाणी आटले की स्पंज मरतो, पण खसखशीएवढ्या कणांत त्याच्या पेशी सुरक्षित राहतात आणि पाऊस पडला की त्यांतून नवा स्पंज निघतो. ब्रायोझोआही असेच कठीण बीजकण मागे ठेवतात. भारतातील गोड्या पाण्यातील स्पंज, हायड्रॉइड आणि ब्रायोझोआ यांवर नेल्सन ॲननडेल यांचा ग्रंथ १९११ सालीच प्रसिद्ध झाला. हेच ॲननडेल पुढे १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक झाले.

जलव्याल, म्हणजे हायड्रा, पाहण्यासाठी तळ्यातील पाणवनस्पती पाण्यासह काचेच्या बरणीत घालून उजेडाच्या खिडकीशी रात्रभर स्थिर ठेवावी. सकाळी काचेच्या उजेडाकडच्या बाजूला पांढऱ्या, तपकिरी किंवा हिरव्या दोऱ्याचे पाच-दहा मिलिमीटर लांबीचे तुकडे चिकटलेले दिसतील, टोकाला चार-सहा बारीक धागे. बरणीला टिचकी मारा. तो आखडून ठिपक्याएवढा होतो. थंड समुद्रातल्या समुद्रफुलाने हेच करायचे असते; फरक आकाराचा.

शंखांचा धडा त्याहून सोपा. तळ्याकाठचा शंख हातात घेऊन टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड उजवीकडे आले तर उजवा, डावीकडे आले तर डावा. मग तोंडाला झाकण आहे का ते पाहा. झाकण असलेले शंख कल्ल्यांनी श्वास घेतात. आपल्याकडचे बिनझाकणाचे पाणशंख हवा घ्यायला वारंवार पृष्ठभागावर येतात. हा भेद केवळ संग्रहापुरता नाही, कारण जनावरांच्या यकृतात जाणाऱ्या चपट्या कृमींच्या पिल्लांना वाढवणारे शंख या बिनझाकणाच्या गटात आहेत. एका लक्षणावरून शंखाचा घरोबा आणि जनावराला असलेला धोका दोन्ही कळतात. समुद्रात हीच सवय अधिक गंभीर होते. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत असेल तर तो भाल्यासारख्या दाताने विष टोचतो. त्यातल्या काही जातींचा दंश माणसाला प्राणघातक ठरतो, म्हणून तो कधीही उचलायचा नाही.

सापांचेही तसेच. विहिरीत दिसणारा दिवड (काही गावांत त्याला विरोळा म्हणतात) बिनविषारी असतो, त्याची शेपटी निमुळती, गोल. मालवणच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येणारे समुद्रसाप अतिविषारी, आणि त्यांची शेपटी वल्ह्यासारखी चपटी. पाण्यात साप दिसला तर अंगावरचे पट्टे मोजत बसू नये. लांब राहून शेपटी पाहावी.

विहिरीत कोण नाही?

आता दुसरी बाजू. तारामासा, समुद्री साळिंदर, समुद्रकाकडी हा सगळा कंटकचर्मी संघ गोड्या पाण्यात मुळीच नाही. अष्टपाद आणि माकूल नाहीत. समुद्रपिचकारीही नाही. बीडच्या पाण्याचे सर्व धडे गिरवले तरी हे तिघे अनोळखीच राहणार. तारामाशाच्या संघाचे कारण समजण्याजोगे आहे. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि कंटकचर्मींच्या शरीरातला द्रव जवळजवळ तेवढाच खारट असतो. जादा पाणी बाहेर टाकणारे वृक्कासारखे इंद्रिय त्यांच्याजवळ नाही. गोड्या पाण्यात परासरणाने आत शिरणारे पाणी त्यांना आवरता येणार नाही.

याच्या उलट कीटकांचे. बारवेत कीटकांचे राज्य असते. चतुराचे पिल्लू तळाशी दबा धरून बसते आणि खालचा ओठ हातासारखा पुढे फेकून सावज पकडते. टाचणीच्या पिल्लाला शेपटीकडे तीन पानांसारखे कल्ले असतात, त्यावरून ते लगेच वेगळे काढता येते. समुद्रात मात्र कीटक जवळजवळ नाहीतच. खुल्या समुद्रात कायम राहणारे कीटक म्हणजे हॅलोबेटिस प्रजातीच्या पाच जाती, आणि त्याही पाण्याखाली नाहीत, पृष्ठभागावर. तळ्याच्या पाण्यावर लांब पायांनी घसरत जाणारा जो कीटक मुले ओळखतात, त्याच्याच कुळातल्या त्या आहेत. म्हणून सहलीच्या वेळी मुलाने समुद्राखाली 'किडा' पाहिल्याचे सांगितले तर तो बहुधा कवचधारी संधिपाद असतो. त्याचे पाय मोजायला सांगावे.

नावाची पातळी

ओळख म्हणजे जातीचे लॅटिन नाव, असे समजून पुष्कळ जण सुरुवातीलाच धीर सोडतात. आम्हाला हे मान्य नाही. ओळख कोणत्या पातळीपर्यंत हवी, हे ती कशासाठी हवी यावर ठरते.

मराठवाड्याला याचे उदाहरण दूर शोधायला नको. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे पाण्यात पाय टाकून घागर भरत, आणि नारूचा रोगी उतरला की त्याच्या पायाच्या फोडातून बाहेर डोकावणारी मादी हजारो पिल्ले पाण्यात सोडी. ती पिल्ले सायक्लॉप्स नावाचा एक-दोन मिलिमीटरचा संधिपाद गिळतो. सायक्लॉप्ससह ते पाणी जो पितो, त्याच्या शरीरात सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा जंत तयार होतो. या रोगावर ना लस होती ना खात्रीचे औषध. पण पेल्यात झटके देत पोहणारा, एक डोळा असलेला, मादी असेल तर शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या बाळगणारा ठिपका म्हणजे सायक्लॉप्स, एवढी ओळख पुरेशी होती. तो कोणत्या जातीचा हे कोणालाही सांगावे लागले नाही. एवढ्या आकाराचा प्राणी घट्ट विणीच्या कापडात अडकतो, म्हणून पाणी गाळून प्यायला शिकवले गेले, पायऱ्यांच्या विहिरी बंद किंवा बांधीव केल्या गेल्या, पाण्यात औषध टाकले गेले. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. भारतातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

डासांच्या अळ्यांची गोष्ट अशीच. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून असेल तर ती ॲनॉफिलिस, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या गटाची. डोके खाली करून तिरपी लटकत असेल तर क्युलेक्स किंवा एडिस. येथे रंग, आकार काही लागत नाही. बसण्याची ढब पुरते. थंड समुद्रातला पाणबुड्याही हेच करतो. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 'सीसर्च' नावाच्या उपक्रमात हौशी पाणबुडे तळावरच्या जीवांच्या नोंदी करतात. अशा कामात 'समुद्रपिचकारी, वसाहत करणारी, जात अनिश्चित' ही नोंद चुकीच्या लॅटिन नावापेक्षा मोलाची, कारण पुढे तपासणाऱ्याची ती दिशाभूल करत नाही.

मात्र कधी कधी नेमक्या जातीपर्यंत जाणाऱ्या माणसामुळे भूगोलाचे पान बदलते. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ साली मालवणचा. मुंबईत जीवशास्त्र शिकवीत असताना ते सह्याद्रीत भटकत, नमुने गोळा करीत. कृष्णेच्या खोऱ्यातल्या ओढ्यानद्यांत त्यांना गोड्या पाण्यातला झार, म्हणजे जेलीफिश, मिळाला. छत्रीसारखी उघडझाप करणारा, लहान नाण्याएवढा, पारदर्शक. त्या प्रजातीचे प्राणी तोवर केवळ आफ्रिकेतल्या टांगानिकासारख्या सरोवरांतून आणि नद्यांतून ठाऊक होते. ॲननडेल यांनी १९११-१२ च्या सुमारास त्याचे वर्णन केले आणि नाव दिले लिम्नोक्निडा इंडिका. आफ्रिकेतला आणि भारतातला एकाच प्रजातीचा झार हा प्राणिभूगोलातला मोठा प्रश्न होता. 'झार समुद्रातच असतो' या समजुतीवर विसंबून तो पाण्याचा बुडबुडा ठरवला असता, तर पुढचे काही घडलेच नसते. आघारकर पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. पुण्यात १९४६ साली सुरू झालेली संशोधन संस्था १९९२ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते.

वर्गात काय करता येईल

प्रथम एक ताकीद. विद्यार्थ्यांना विहिरीत, बारवेत किंवा धरणात उतरवू नये. दरवर्षी बुडून होणारे मृत्यू आपण वाचतोच. सर्व निरीक्षण काठावरून, लांब दांड्याच्या जाळीने आणि पांढऱ्या ताटात करावे. तुमच्या गावचे पाझर तलाव यासाठी उत्तम. पोहणाऱ्या मुलांना एक गोष्ट आधीच माहीत असते : उन्हाळ्यात विहिरीत उडी मारली की वरचे पाणी कोमट आणि पाय मात्र एकदम गार पाण्यात जातात. तापलेले पाणी हलके, ते वर राहते. हाच थर समुद्रात पाणबुड्याला पोशाखातूनही जाणवतो. थर्मामीटर दोरीला बांधून दर मीटरला तो नोंदवता येईल. मात्र पारा वर ओढताना बदलतो, म्हणून तो पाण्याने भरलेल्या छोट्या बाटलीत बसवून सोडावा.

पाण्याचा गढूळपणा मोजायला स्टीलची थाळी घ्या, तिच्यावर काळे-पांढरे चौथे भाग रंगवा, वजन बांधा आणि दोरीने सोडा. दिसेनाशी होते ती खोली म्हणजे पारदर्शकता. सेकी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली भूमध्य समुद्रात हीच युक्ती केली. काळ्या मातीच्या आपल्या तळ्यांत जुलैतला आणि जानेवारीतला आकडा किती वेगळा येतो, ते मुलांना स्वतः पाहू द्या.

समुद्राच्या सहलीची तयारीही येथेच व्हावी. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथून शंख, प्रवाळ, वाळूदेखील आणायची नाही. डुबकी परवडली नाही तरी बिघडत नाही. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत वरचे बहुतेक संघ कोरड्या पायांनी, निदान गुडघाभर पाण्यात, भेटतात. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा गट २०१७ पासून अशाच फेऱ्या काढतो आणि छायाचित्रांसह नोंदी ठेवतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी मोठी असते, तेव्हा सहलीची तारीख पंचांग पाहूनच ठरवावी.

नोंदवहीत प्रत्येक प्राण्यासाठी एक पान ठेवावे. तारीख, वेळ, जागा, खोली, कशाला चिकटला होता, आकार (पाण्याखाली पाहिलेला असल्यास तीन-चतुर्थांश करून), सममिती, झुळूक लागल्यावर काय केले, चित्र, आणि अगदी शेवटी रंग. नावासाठीची ओळ पेन्सिलने भरावी. पाण्याखालीही प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलच चालते, शाई नाही.